बालकक्षासाठी आवाहन : दिवाळीपूर्वी १,२४,००० रुपये हवे आहेत

सर्व सभासद, आश्रयदाते आणि स्नेही यांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र नवरात्रातच निघायचे होते. भोंडल्याची खिरापत, हॉलचे रंगकाम आणि हरवलेली पावतीपुस्तके यांत राहून गेले. चूक चिटणीसाची, म्हणजे माझीच. आता दिवाळी तोंडावर आली आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलांसाठी चालवलेल्या आपल्या बालकक्षाच्या खात्यात ४१,००० रुपये आहेत. ते होळीपर्यंतही पुरणार नाहीत.

कक्ष कसा सुरू झाला हे जुन्या मंडळींना सांगायला नको. मागच्या खोलीत गणपतीच्या मखराचे सामान पडून असायचे. आपल्या ओव्हरसिअरकाकांनी एका रविवारी स्वतः ते बाहेर काढले, ओल आलेली भिंत खरवडून घेतली आणि खर्चाचा हिशेब विचारला तर उलट आम्हालाच रागावले. दाल बाजारच्या तिघी जावांनी जुन्या नऊवारींच्या अकरा गोधड्या शिवून दिल्या, त्या अजून वापरात आहेत. खिडक्यांना जाळ्या कोणी बसवून दिल्या त्यांनी नाव छापायचे नाही असे बजावले आहे, पण साऱ्या लष्कर भागाला ते ठाऊक आहे. आणि तबल्याचे आपले मास्तर! जाताना आपला डग्गा कक्षाला देऊन गेले. डोळ्याला डोळा न देणारा, हाक मारली तर वळूनही न पाहणारा एक सात वर्षांचा मुलगा त्या डग्ग्याला गाल लावून बसतो. कोणी हलकेच थाप मारली की हसतो. गाण्याबजावण्याच्या ग्वाल्हेरात याचे कोणाला नवल वाटू नये.

आता मुद्दा. २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनी, आपल्याच एका सभासदांच्या डॉक्टर कन्येचे व्याख्यान झाले. त्या दिवशी खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या म्हणून थोडक्यात सांगतो. ऑटिझमचे निदान मुलाच्या वागण्यावरून होते. त्यामुळे बहुधा दोन वर्षांचे झाल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पण मेंदूत फरक त्याआधीच पडू लागतो का? अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी मिळून हे तपासले. मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम आहे अशी १०६ तान्ही बाळे आणि तसे कोणी घरात नसलेली ४२ बाळे घेतली. ६, १२ आणि २४ महिन्यांना त्यांचा एमआरआय केला. त्या १०६ पैकी १५ जणांना दोन वर्षांचे होताना ऑटिझमचे निदान झाले. त्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचे क्षेत्रफळ सहा ते बारा महिन्यांतच नेहमीपेक्षा वेगाने वाढले होते आणि दुसऱ्या वर्षी मेंदूचा आकारही. हे २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सहा महिन्यांच्या ५९ बाळांचे स्कॅन पाहिले. पुढे ऑटिझम निघालेल्या ११ पैकी ९ जण संगणकाने आधीच ओळखले आणि उरलेल्या ४८ पैकी एकालाही उगीच ऑटिझम ठरवला नाही.

स्कॅन गुंगीचे औषध न देता होतो. बाळाला दूध पाजून, थोपटून गाढ झोपवायचे, कानांवर आवाज अडवणारे झाकण लावायचे आणि त्या धडधडणाऱ्या यंत्रात हळूच सरकवायचे. क्ष-किरण त्यात नसतात. हे ऐकून मागून एक आजी म्हणाल्या, "आमच्या नातवाला शेजारच्या कुकरची शिट्टी चालत नाही!" सगळे हसले.

पण नंतर तीन जणांनी मला अडवून विचारले, मग आपण एमआरआय शिबिर का घेत नाही? कृपया हे नीट समजून घ्यावे. हे संशोधन आहे, तपासणी नव्हे. बाळे थोडी होती, आणि आज कोणत्याही दवाखान्यात स्कॅन काढून बाळाला ऑटिझम होईल की नाही हे सांगत नाहीत. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. या अभ्यासांतून आपण घ्यायचे ते एवढेच, की पहिले वर्ष थांबून पाहण्यात घालवू नये. ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडांत पाचात साधारण एकाला तो निघतो. म्हणून आपल्या कक्षातल्या मुलांच्या धाकट्या भावंडांकडे सहाव्या महिन्यापासूनच दर महिन्याला लक्ष ठेवायचे ठरले आहे. नऊ महिन्यांचे होऊनही नावाला वळत नाही, वर्षाचे झाले तरी टाटा करत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवत नाही, एवढे टिपायलाही सवयीची नजर लागते. "याचे बाबाही उशिराच बोलले" हे वाक्य मी कक्षात शंभरदा ऐकले आहे. लसीमुळे ऑटिझम होतो म्हणून धाकटीची लस लांबवणाऱ्या एक ताईही भेटल्या. ज्या १९९८च्या निबंधावरून हे उठले तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१०मध्ये मागे घेतला. तेव्हा लस वेळेवर द्या.

थोडे मनातले. मागच्या वर्षी याच कामासाठी २४० पत्रे घरोघर पोचवली. उत्तरे आली अकरा. गणपतीच्या रोषणाईची वर्गणी मात्र दोन संध्याकाळींत जमली. रोषणाई मलाही आवडते. पण "आमच्या घरात तसले कोणी नाही" हे उत्तर ऐकून मी ज्या जिन्यावरून परत उतरलो, तो जिना या वर्षी पुन्हा चढणार आहे.

हिशेब : झांशीहून येणाऱ्या, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टताई, महिन्यात दोन शनिवार, भाड्यासह वर्षाचे ६०,०००, रोजची कामे करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, तेवढेच, गाद्या व खेळणी २५,०००, डबरा-मुरैन्याहून येणाऱ्या कुटुंबांचे जाण्यायेण्याचे २०,०००. एकूण १,६५,०००, शिल्लक वजा जाता १,२४,०००. रोख किंवा चेक चालेल, चेक मंडळाच्या नावे, मागे 'बालकक्ष' लिहावे. आयकर सवलतीची पावती अजून देता येत नाही, अर्ज केला आहे. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. पैसे जमत नसतील तर शनिवारी दोन तास बसायला या, चौघी स्वयंसेविका कमी आहेत. शेवटची तारीख धनत्रयोदशी.

आपला,
चिटणीस

ता.क. मास्तरांच्या डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, फाटायला आली आहे. महाराज बाड्याजवळ चांगली मढवून देणारा कोणी माहीत असल्यास कळवावे.