विसाव्याचे चार दिवस: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

महोदय,

रोज दिवेलागणीला माझी आई कापडी पिशवी भरते. एक लुगडं, टॉवेल, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. मग दारात उभी राहून म्हणते, "मला घरी जायचंय." तिचं माहेर वाईचं. वय 78. सहा वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे.

पहिली दोन वर्षं मी तिला समजावत राहिले. आई, हेच आपलं घर. आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. दर वेळी ती ते मरण नव्यानं ऐकायची आणि नव्यानं रडायची. हे माझ्या लक्षात यायला इतका काळ लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. आता मी चपला घालते, तिची पिशवी हातात घेते आणि आम्ही निघतो. गल्लीच्या टोकाला मारुतीच्या पारावर बसतो. ती कृष्णाबाईच्या उत्सवाचं सांगते, घाटावरच्या गर्दीचं, वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेल्या दिव्यांचं. मी ऐकते. ती मला कधी ताई म्हणते, कधी आई. अंधार पडला की आम्ही परत फिरतो, आणि आपलंच दार बघून तिला वाटतं, आलं घर.

इतकं शहाणपण मला झोप झालेल्या दिवशीच सुचतं. ती रात्र रात्र जागते, कडी वाजवते, एकदा गॅस चालू ठेवून अंगणात गेली होती. गेल्या पावसाळ्यात अशी चौथी रात्र होती. मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की सकाळी त्यावर वळ होता. चहा देताना तिनं माझ्याच डोक्यावरून हात फिरवला. "दमलीस का गं?" मी कोण, हे तिला त्या क्षणी कळत होतं का, सांगता येणार नाही. दमलेलं माणूस तेवढं तिला कळलं. त्या वळाचा विचार मी अजून करते. माया होती तेवढीच होती. चार रात्री माझा डोळा लागला नव्हता.

एकट्या माझ्या घरची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांना सांभाळतात त्या घरातल्याच सुना, मुली, बायका. कधी एखादा मुलगाही.

2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्ड मिळतं. आईचंही काढलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगाचं. आईला दाखल करावं असं काही झालेलं नाही. तिला चोवीस तास माणूस लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र त्या कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत स्मृतिभ्रंशाचं नाव नाही. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना 600 रुपये ठेवले. रक्कम थोडी आहे. पण सांभाळणाऱ्या बाईचं नाव सरकारी वहीत लिहिलं गेलं, हे मला फार मोठं वाटतं.

माझी मागणी पैशांच्याही आधीची आहे. उपजिल्हा रुग्णालयात चार खाटांची एक शांत खोली द्या. तिथे दर तीन महिन्यांनी चार दिवस आईला ठेवता यावं. रात्री जागी असणारी परिचारिका हवी, आणि "हेच तुमचं घर" असं आईला सांगायचं नाही, हे तिला शिकवलेलं हवं. आशाताई घरी येतात तेव्हा आईची चौकशी करतात. त्यांच्या फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न घाला: तुम्ही काल किती तास झोपलात?

असे चार दिवस मिळाले तर पहिले दोन मी नुसती झोपेन. तिसऱ्या दिवशी देवापुढे बसेन, कान आतल्या खोलीकडे न ठेवता. आणि आजारापूर्वीची आई आठवेन, तिला मला नीट आठवायचंय. चौथ्या दिवशी बहुधा सकाळीच तिला आणायला जाईन.

सहा वाजत आले. पिशवी भरून झालेली दिसते. इथेच थांबते.

आपली नम्र,
एक मुलगी
जिल्हा सातारा