पालकमंत्री महोदय, ती फळी आम्ही मोडली नाही

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या जिल्ह्याच्या नाट्यगृहात आमच्या हौशी मंडळाचा गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. लग्नाच्या प्रवेशात शारदा बोहल्याकडे निघाली आणि रंगमंचाची कुजकी फळी तुटून तिचा पाय आत गेला. घोट्याचं हाड मोडलं. नायक कोदंडानं येऊन तिचं म्हाताऱ्याशी लागणारं ते लग्न मोडायचं, त्याआधीच पडदा टाकावा लागला. सोमवारी अनामत परत घ्यायला गेले, तर निम्मी कापलेली. पावतीवर कारण होतं, 'रंगमंचाचे नुकसान'.

दोन वर्षांपूर्वी याच रंगमंचावरून आपण सहा महिन्यांत दुरुस्तीचा शब्द दिला होता. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. आता लाज वाटते. मेकअप रूममध्ये पाणी नाही, बायकांच्या संडासाला कडी नाही, नऊवारी नेसलेल्या मुली समोरच्या लॉजवाल्याच्या पाया पडून जाऊन येतात. भाडं मात्र आगाऊ भरायचं.

मी निवृत्त संगीत शिक्षिका. ऑर्गन भाड्यानं आणायला पतसंस्थेचं कर्ज काढलं. तिकिटाचे पैसे परत केले, हप्ते राहिले. देवलांची पदं या पोरींनी कधी ऐकलेली नव्हती. शाळेच्या वऱ्हांड्यात रोज संध्याकाळी एकेक ओळ घोटून घेतली. माझा घसा बसला तो अजून सुटलेला नाही.

'1899चं नाटक आता कशाला?' असं नाट्यगृहाच्या साहेबांनी मला विचारलं होतं. साहेब कुठं राहतात? शारदा करणारी आमची पोर बारावीत आहे, ऊसतोड कामगाराची. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल कोयत्यावर मिळते, म्हणून पोरींची लग्नं उरकतात. तिच्या वर्गातल्या दोघींची दिवाळीत झाली. 2019-21चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काढून बघा. बीडमध्ये शेकडा चाळिसाहून जास्त मुली अठराच्या आत उजवल्या जातात, परभणीत तर त्याहून वाईट. म्हणून आम्ही 'शारदा' घेतलं. देवलांनी म्हाताऱ्या भुजंगनाथाचं लग्न मोडलं, आपल्या सरकारानं किती मोडली?

काल उसाच्या फडावरून शारदा करणाऱ्या पोरीच्या बापाचा फोन आला. 'बाई, पाय अधू राहिला तर स्थळ कुठलं येतंय? आत्ताच बघून टाकतो.' मी त्याला काय सांगू?

आणि आम्ही कुणाकडे जायचं? आमच्या विभागाचा अनुशेष मांडणाऱ्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. सप्टेंबर 2023मध्ये अख्खं मंत्रिमंडळ संभाजीनगरला आलं, हजारो कोटींचे आकडे वाचून दाखवले. त्यातून एक सागवानी फळी आमच्या गावापर्यंत येत नाही? दर 17 सप्टेंबरला आम्हांला मुक्तिसंग्रामाचे वारस म्हणता, आणि पुढचे 364 दिवस आमची फाईल मुंबईत धूळ खाते. रस्ता मागितला तर पाहणी, पाणी मागितलं तर समिती. पोरी गायला उभ्या राहिल्या, तर त्यांच्या पायाखालची जमीनही तुम्ही धड ठेवली नाही.

मुलीच्या उपचारांचा सगळा खर्च द्या. कापलेली अनामत परत करा आणि पावतीवरचा तो शेरा खोडा. दुरुस्तीची तारीख लेखी कळवा. भाषणातला शब्द आता चालणार नाही. आणि तिच्या बापाला स्वतः फोन करा, आजच. नंबर माझ्याकडे आहे.

आपल्याच जिल्ह्यातली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका