भाडं विचारता, पत्ताही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरमध्ये जर्मनीतलं हिवाळी सत्र सुरू होतं. त्याआधी सांगली, इस्लामपूर, कराडमधून तिकडे शिकायला निघालेल्या मुलांच्या घरांत एकच चौकशी चालते : खोलीचं भाडं किती? व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा खोलीच खाते, म्हणून मुलं आडवाटेच्या स्वस्त सोयी शोधतात. शोधाव्यातच, पण त्यात अडतं कुठे ते इथेच कळलेलं बरं.

त्यातली सर्वांत चांगली सोय म्हणजे ‘वोनेन फ्युअर हिल्फे’. एकटे राहणारे वृद्ध किंवा लहान मुलांचं कुटुंब खोली देतं आणि भाड्याऐवजी मदत घेतं. सर्वसाधारण हिशेब चौरस मीटरला महिन्याला एक तास, म्हणजे पंधरा चौरस मीटरच्या खोलीला पंधरा तास. बाजारहाट, बागकाम, मुलं सांभाळणं, कुत्रा फिरवणं ही कामं चालतात. आजारपणातली शुश्रूषा त्यात धरत नाहीत. वीज, पाणी, हीटिंगचे पैसे वेगळे. बिनसतं ते तासांवरून. आजींना नाही कसं म्हणायचं, म्हणून आपली मुलं आधी जास्त राबतात. परीक्षेच्या महिन्यात तास थकले की आधीचे जादा तास कुणाला आठवत नाहीत. म्हणून करार लेखी हवा, जादा तास पुढच्या महिन्यात वळते होतील हे त्यात हवं आणि वहीत दर आठवड्याला दोघांची सही हवी. शिवाय रोजचं बोलणं निभेल इतकं, म्हणजे बी१ पातळीचं, जर्मन नसेल तर या वाटेला न गेलेलंच बरं. इंग्रजीवर घरकामाच्या सूचना कळत नाहीत.

दुसरी सोय मालवाहू कंटेनरमध्ये केलेल्या खोलीची. ॲमस्टरडॅमला २००६च्या सुमारास हजारभर कंटेनरांची विद्यार्थी-वसाहत उभी राहिली, कोपनहेगनला तर असे कंटेनर पाण्यावर तरंगतात. इथला शत्रू म्हणजे दमटपणा. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, खोलीतच वाळत घातलेले कपडे. ही सगळी ओल गार भिंतीवर जमते आणि भिंतीला टेकवलेल्या गादीमागे काळी बुरशी धरते. ती सापडली की डिपॉझिट कापलं जातं. यावर उपाय एकच : दिवसातून दोन-तीनदा, हीटर बंद करून, खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. दिवसभर किलकिली ठेवली तर हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून त्याला पिशवी बांधणारे महाभाग आहेत. त्यांच्याबद्दल काय लिहावं!

सत्राच्या सुरुवातीला काही शहरांत विद्यार्थ्यांसाठी तात्पुरते पलंगही मिळतात. चार रात्री काढायला ठीक.

पण यातलं काहीही घेण्याआधी विचारायचं ते हे : इथे पत्त्याची नोंदणी होते का? जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे ही नोंदणी, करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला दाखला लागतो. पोटभाड्याची खोली घेताना ‘नोंदणी नको’ अशी अट दिसली, तर मूळ मालकाला या पोटभाड्याची खबरच नसण्याची शक्यता मोठी. नोंदणी नाही तर कर-क्रमांक नाही, आणि तो नसेल तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. पैसे घेऊन खोटा पत्ता देणारेही भेटतात. त्या गुन्ह्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंड आहे. कार्यालयात दोन आठवड्यांत वेळ मिळत नसेल, तर मिळेल ती आगाऊ घेऊन तिची पावती जपावी.

नोंदणी झाली तरी एक काम उरतं : टपालपेटीवर आडनाव चिकटवणं. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर कर-क्रमांकाचं पत्र, विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड, सगळं परत. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात आपल्या नावाखाली ‘सी/ओ’ (म्हणजे ‘यांच्या घरी’) लिहून घरमालकाचं आडनाव घालावं.

जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि जर्मनच्या क्लासवाल्यांनी जून-जुलैत, व्हिसाच्या फायली तयार होत असताना, नोंदणीचा कोरा अर्ज आणि घरमालकाच्या दाखल्याचा नमुना मुलांकडून एकदा भरून घ्यावा. दोन्ही कागद जर्मन शहरांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. शिकवायला एक दुपार पुरे.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली