दाण्याचा भाव पण छापा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा तुमच्या पेपरात प्लॅस्टिकचे डबे-बादल्या महागल्याची बातमी वाचली, कारण एका ओळीत दिलंय की कच्चं तेल महागलं म्हणून. तेल वाढलं की दाणा, म्हणजे ज्या बारीक प्लॅस्टिकच्या गोळ्या वितळवून आम्ही डबे काढतो तो, महागतो हे खरंच, नाही म्हणत नाही मी, पण तेल उतरतं तेव्हा आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, दाणा किती उतरतो हे विचारायला कोण येत नाही बघा. माझ्याकडं दोन मोल्डिंग मशीन आहेत, कुंद्याचे नि मिठाईचे डबे, झाकणं, बुचं असला बारीकसारीक माल काढतो, महिन्याला पीपीच्या (पॉलिप्रॉपिलिन, डब्याचं प्लॅस्टिक) ८० गोण्या लागतात, २५ किलोची गोणी म्हणजे दोन टन. ह्या दोन टनाचंच सांगतो.

पीपीचा दाणा मंगळूरला एमआरपीएलच्या तेल रिफायनरीत बनतो, वर्षाला ४ लाख ४० हजार टनाचा प्लांट आहे, आपल्याच राज्यात. तरी माझ्या मशीनवर पडतो तो दाणा बहुतेक वेळा भिवंडीच्या गोडाऊनमधनं कोल्हापूर करून येतो. पाहुणे हसतात, म्हणतात घरातली विहीर सोडून शेजाऱ्याकडं पाणी मागायला जाता काय. आता त्यांना काय सांगायचं, इथं किलोमीटर कोण मोजत नाही, गाडी भरते का नाही तेवढंच बघतात. कंपनीचा माल फुल गाडीनं सुटतो, १६ टनाची गाडी धरा, ६४० गोण्या झाल्या, माझं आठ महिन्याचं काम. हिशेबापुरता किलोला १०० रुपये भाव धरला तर १६ लाख, वर १८ टक्के जीएसटीचे २ लाख ८८ हजार, आणि ह्यातले बहुतेक पैसे गाडी सुटायच्या आधी मोजायचे. एवढे हातात असते तर झाकणं काढत कशाला बसलो असतो.

मग मधली माणसं येतात. कंपनीचा एजंट असतो त्याला डीसीए म्हणतात, त्यानं नुसती ऑर्डर आणून भागत नाही, पार्टीनं पैसे बुडवले तर कंपनीला स्वतःच्या खिशातनं भरायचे असा त्याचा करार. मग तो माझ्यासारख्या दोन टनवाल्याच्या नादाला कशाला लागेल, त्याला मोठी, जुनी, बँक गॅरंटीवाली पार्टी बरी वाटते, त्याची चूक म्हणता येत नाही. मोठ्या पार्टीचं कंपनीशी वर्षाचं एमओयू असतं, म्हणजे किती माल उचलणार त्याचा लेखी करार, ठरलेला माल उचलला की किलोमागं डिस्काउंट, ते पण बिलात दिसत नाही, मागाहून क्रेडिट नोट येते, म्हणजे तेवढे पैसे खात्यावर परत जमा. म्हणजे बिलावर माझ्यापेक्षा थोडाच कमी भाव दिसला तरी त्याला पडतो भलताच कमी. मी घेतो ट्रेडरकडनं, ट्रेडरनं गाडी उतरवून घेतली, गोण्या फोडून विकल्या, हमाली लावली, टेंपो लावला, प्रत्येकाचं पोट आहे.

पण खरी मेख उधारीत आहे. माझा ट्रेडर रोखीत १०० म्हणाला तर महिन्याच्या उधारीवर १०२ म्हणतो. दोन रुपये ऐकायला काय वाटत नाही, पण महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस झाले, आपल्या सीमाभागात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्या पण एवढं व्याज घेत नाहीत हो. आणि हे व्याज दाण्याच्या भावात मिसळलेलं असतं म्हणून कोणाला दिसत नाही, मला पण दहा वर्षं दिसलं नव्हतं, एकदा पोरीनं वहीवर मांडून दाखवलं तेव्हा डोळे उघडले. बरं मी उधारीवर घेतो कशासाठी, तर माझा दुकानदार मला ६० दिवसांनी पैसे देतो म्हणून. २००६ चा एमएसएमई कायदा ४५ दिवस म्हणतो, मी नोटीस काढली तर पुढची ऑर्डर शहापुरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जाईल.

त्यात कंपनीची भाव बदलायची तारीख आली की वेगळाच तमाशा. वाढणार अशी कुणकुण लागली की ट्रेडरकडचा माल एका रात्रीत संपतो, उतरणार असं कळलं की फोनवर फोन, घेऊन ठेवा अण्णा, नंतर मिळणार नाही. गेल्या वर्षी अशाच घाईत एकाकडनं (नाव घेत नाही, गाव लहान आहे) २० गोण्या घेतल्या, गोणीवर शिक्का मोल्डिंग ग्रेडचा नि आत निघाला रॅफियाचा दाणा. रॅफिया म्हणजे ज्याची पोत्याची पट्टी काढतात तो, त्याचा एमएफआय (वितळल्यावर किती पातळ वाहतो त्याचा आकडा) ३ च्या आसपास, आमच्या डब्याला १०-१२ च्या वरचा पातळ वाहणारा लागतो. मशीन दाब टाकून दमलं, डबे अर्धेच भरायले, कडा नाहीत, अख्खी शिफ्ट गेली. फोन केला तर म्हणतो टेंपरेचर वाढवा. टेंपरेचर वाढवून चपातीचा भात होतो काय? फुटकळ गोणीला कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट कोण देणार, ते गाडीबरोबर येतं नि ट्रेडरच्या फायलीत राहतं.

एक गोष्ट मात्र सुधारली ते सांगितलं पाहिजे. १ जुलै २०१७ च्या आधी कोल्हापूरचा माल घ्यायचा म्हणजे सी फॉर्म, दोन टक्के सीएसटी (दुसऱ्या राज्यातनं आणलेल्या मालावरचा विक्रीकर नि त्याचा कागद), नाक्यावर गाडी उभी, गोकुळ शिरगावातला माणूस दोन टनासाठी बिल फाडायलाच कंटाळायचा. आता ५० हजाराच्या वरचा माल असला की ई-वे बिल काढलं, संपलं, दुपारी निघालेला टेंपो संध्याकाळी उद्यमबागेत. सीमेचा त्रास आम्हाला बाकी सगळीकडं आहे, दाण्यात तेवढा राहिला नाही.

म्हणून आम्ही चार-पाच जण बोलायलोय की मिळून गाडी घ्यावी. फाउंड्रीवाल्यांनी क्लस्टर, म्हणजे सगळ्यांची मिळून सोय, केलंच की. अडचण एवढीच की एकाला एचडी (पीपीहून वेगळं प्लॅस्टिक) पाहिजे, एकाला पीपी, आणि गाडी उतरवायची कोणाच्या शेडमध्ये यावर अजून भांडण मिटलेलं नाही. एनएसआयसीकडं, म्हणजे केंद्र सरकारच्या लघुउद्योग महामंडळाकडं, कच्च्या मालाला १८० दिवसापर्यंत पैसे मिळायची योजना आहे, पण तिथं पण बँक गॅरंटी लागते, नि गॅरंटीसाठी बँक पुन्हा एफडी मागते. एकेकट्याला जमत नाही, आम्हा सगळ्यांची एफडी एकत्र केली तर जमेल असं बँकेतले साहेब म्हणाले.

तुम्हाला पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुम्ही रोज एपीएमसीचा भाव छापता, बटाटा, कांदा, गूळ, मिरची. त्याच चौकटीत आठवड्यातनं एकदा पीपी, एचडी, एलडीचा (पिशव्यांचं मऊ प्लॅस्टिक) भाव छापा, रोखीचा एक आणि उधारीचा एक, असे दोन आकडे शेजारी शेजारी. जागा दोन ओळींची लागेल.

आपला,
एक छोटा मोल्डर
उद्यमबाग, बेळगाव