‘फॉर्म्युला फोर’ नावाच्या गाड्या दोन आहेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर मध्यंतरी कोइमतूरच्या शर्यतींचे वृत्त आले होते. त्यात नवोदित चालकांची गाडी ‘फॉर्म्युला फोर’ असल्याचे सांगून, हीच पायरी पुढे फॉर्म्युला वनपर्यंत नेते, असे म्हटले होते. मराठी दैनिकात मोटर शर्यतींना जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु त्या एका वाक्यात दोन निराळ्या गाड्यांची सरमिसळ झाली आहे, आणि तिची किंमत पालकांना मोजावी लागते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

राष्ट्रीय स्पर्धेत अनेक वर्षे धावत असलेली गाडी ‘एलजीबी फॉर्म्युला फोर’ या नावाने ओळखली जाते. एलजीबी म्हणजे मोटरसायकलच्या ‘रोलॉन’ चेन बनवणारी कोइमतूरची कंपनी. एकच आसन, उघडी चाके, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि चालकाच्या पाठीमागे मारुतीचे १.३ लिटर इंजिन असे तिचे रूप आहे. दुसरी गाडी आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, २०१४ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार बनते. भारतीय एफ-फोर स्पर्धा २०२३ मध्ये प्रथम झाली आणि पुढच्या वर्षी चेन्नईच्या रस्त्यांवर रात्री विजेच्या झोतात जी शर्यत झाली, त्यांत हीच गाडी धावली. तिचा सांगाडा फ्रान्सच्या मिगाल कंपनीने कार्बन तंतूंपासून बनवलेला असून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची संरक्षक कमान असते.

नावाच्या साम्यामुळे जो गोंधळ होतो तो परवान्याच्या बाबतीत सर्वांत महाग पडतो. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवण्यासाठी लागणाऱ्या ‘सुपर लायसन्स’करिता तीन हंगामांत मिळून ४० गुण जमवावे लागतात. एफआयएच्या मान्यतेने होणाऱ्या एफ-फोर स्पर्धेच्या विजेत्याला त्यांपैकी १२ गुण मिळतात. एलजीबी गाडीच्या शर्यतीत कितीही वेळा पहिला क्रमांक आला तरी या खात्यात काहीही जमा होत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा मुलगा गो-कार्टमध्ये चांगली चमक दाखवत होता. ‘फॉर्म्युला फोर’ एवढेच शब्द ऐकून त्यांनी एका हंगामाचे पैसे भरले, आणि गुणांचा प्रश्न त्यांच्या लक्षात आला तोपर्यंत हंगाम अर्धा संपला होता. कोणी त्यांना फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी विचारायला हवे होते, तसे त्यांना कोणीतरी सांगायलाही हवे होते.

यावरून एलजीबी गाडी कमी दर्जाची आहे, असा अर्थ मात्र कृपया काढू नये. माझे मत नेमके उलट आहे. मोटार अभियांत्रिकी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि शिकाऊ चालकासाठी मला ही साधी गाडी फार मोलाची वाटते. इंजिनाची ताकद बेताची असल्याने वळणावर घालवलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही. त्यामुळे ब्रेक कुठे सोडायचा आणि स्टिअरिंग किती हलक्या हाताने फिरवायचे, हे मुलाला शिकावेच लागते. पुढची दोन्ही चाके त्याच्या डोळ्यांसमोर फिरत असतात, म्हणून आपली चूक त्याला दिसते. उघड्या चाकांचा धोकाही इथेच कळतो: पुढच्या गाडीच्या फिरत्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक टेकले, तर आपली गाडी वर उचलली जाते. शिवाय धडक बसून नळी वाकली, तर जाणकार वेल्डर ती बदलून देऊ शकतो. कार्बनचा सांगाडा तडकला, तर ते काम गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखे नसते.

ही परंपरा कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांच्यापासून चालत आली आहे. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन वापरून त्यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही गाडी घडवली. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक या आपल्या दोन्ही फॉर्म्युला वन चालकांनी सुरुवातीच्या शर्यती त्याच गाडीतून केल्या. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने उभा आहे. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले स्वतः बांधलेल्या उघड्या चाकांच्या गाड्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी ट्रकवर चढवून तिथेच नेतात. (त्या ‘फॉर्म्युला’चाही वरच्या दोन्हींशी संबंध नाही, तिथे अभियांत्रिकीची कसोटी लागते, गाडीला गाडी भिडवून शर्यत होत नाही.)

सुरक्षिततेबाबत मात्र दोन्ही गाड्या एकाच मापाने मोजता येत नाहीत. २००९ मध्ये इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे शर्यत चालू असताना एका प्रतिस्पर्ध्याच्या गाडीचे निखळलेले चाक डोक्यावर आदळून अठरा वर्षांचा चालक हेन्री सर्टीज मृत्युमुखी पडला. हेलोची कमान अशाच आघातांसाठी आहे. आपण मुलाला कोणत्या सांगाड्यात बसवतो आहोत, हे सही करण्यापूर्वी पाहणे हा पालकांचा हक्क आहे, आणि गाडीचे नावच अर्धवट कळले तर तो हक्क बजावता येत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे की यापुढे वृत्त देताना ‘एलजीबी फॉर्म्युला फोर’ किंवा ‘एफआयए फॉर्म्युला फोर’ असे पूर्ण नाव छापावे, आणि त्या स्पर्धेतून सुपर लायसन्सचे गुण मिळतात की नाही, हे एका ओळीत नमूद करावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे