मोहरी आणि २७०४ स्फोट

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला होता. "आई, तीन महिने घातले आणि काहीच निघालं नाही," एवढं बोलून तू जेवायला जातो म्हणालास. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सकाळची कामं आवरून लिहायला बसले.

बॅटसी या उपग्रहावरच्या उपकरणाने नऊ वर्षांत टिपलेले २७०४ गॅमा-किरण स्फोट, म्हणजे आकाशात थोडा वेळच चमकणारे गॅमा किरणांचे लोळ, कुठे किती पडलेत ते तू तपासलंस. खगोलीय विषुववृत्ताजवळ, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळ, ते कमी दिसले तेव्हा किती हरखून फोन केला होतास! मग कळलं, की उपग्रह पृथ्वीच्या इतक्या जवळून फिरायचा की सुमारे एक तृतीयांश आकाश पृथ्वीच झाकायची, आणि त्या पट्ट्याला सगळ्यांत कमी वेळ मिळायचा. ती दुरुस्ती केलीस आणि खड्डा बुजला. याला 'काहीच निघालं नाही' म्हणणं मला पटत नाही.

तू सहावीत असताना स्वयंपाकघरात मोहरीचा डबा लवंडला होता, आठवतंय? "आई, इथे पाच दाणे एकत्र बसलेत आणि ही फरशी रिकामीच," म्हणालास. मग केरसुणी बाजूला ठेवून आपण एकेक फरशी मोजली, तू खडूने आकडे लिहीत होतास. कुठे तीन, कुठे अकरा. रांगोळीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, कारण कुणीतरी ते मोजून ठेवलेले असतात. सांडलेल्या मोहरीत गुच्छ पडायचेच. वर्गात मी पॉयसाँचं वितरण, म्हणजे योगायोगाने विखुरलेल्या गोष्टी कुठे किती पडतील त्याचं गणित, शिकवायला घेतलं की दर वर्षी ती फरशी डोळ्यांसमोर यायची.

आता बॅटसीचंच बघ. १९९१ मध्ये ते वर गेलं तेव्हा बहुतेकांची खात्री होती, की हे स्फोट आपल्याच आकाशगंगेतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिशय दाट गाभ्यांवर, होतात. तसं असतं तर मंद स्फोट आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटले असते. पट्टा उमटलाच नाही, स्फोट सगळीकडे सारखे! त्यातच दुसरी गोष्ट निघाली. स्रोत अवकाशात सारखे पसरलेले असतील, तर चौपट मंद स्फोटांपर्यंत मोजल्यावर संख्या आठपट व्हायला हवी, कारण अंतर दुप्पट म्हणजे तेज पाव आणि घनफळ आठपट. मंद स्फोट तेवढे भरले नाहीत. म्हणजे चहूबाजूंनी सारखं, पण कुठेतरी विरळ होत जाणारं असं काहीतरी, आणि आपण त्याच्या मध्याजवळ. सूर्य तर आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर. हे अंतर जाणवू नये इतकं प्रचंड तेजोवलय, म्हणजे स्रोतांचं गोलाकार आवरण, आकाशगंगेभोवती मानायचं, नाहीतर स्फोट थेट विश्वाच्या दूरच्या दीर्घिकांमध्ये आहेत असं म्हणायचं.

१९९५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला यावरच दोन खगोलशास्त्रज्ञांचा जाहीर वाद झाला. डॉन लॅम्ब तेजोवलयाच्या बाजूने, बोहदान पाचिन्स्की दूरच्या विश्वाच्या. पाचिन्स्की १९८६ पासून हेच सांगत होते आणि फार थोडे त्यांच्या बाजूचे होते. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. लॅम्ब यांचा पक्षही कच्चा नव्हता हं. त्या वेळी एकाही स्फोटाचं अंतर मोजलेलं नव्हतं, दोघांच्या हातात मुख्यतः वाटणीचेच आकडे होते. मे १९९७ मध्ये एका स्फोटाच्या विझत्या प्रकाशाचा वर्णपट मिळाला. ताम्रसृती, म्हणजे विश्व पसरताना प्रकाश तांबड्याकडे किती ताणला गेला ते माप, निदान ०.८३५. अब्जावधी प्रकाशवर्षं! पण दिशा आधीच आकाशगंगेच्या त्या न उमटलेल्या पट्ट्याने दाखवली होती, ओंकार. तीच सारखी वाटणी तू स्वतःच्या हाताने पुन्हा तपासलीस, आणि दुरुस्ती नजरेआड करून खोटा शोध लिहून मोकळा झाला नाहीस. माझ्या लेखी त्याची किंमत फार मोठी आहे.

एक मात्र विचारायचंय. बॅटसीचं स्थान काही अंशांनी चुकायचं. तू आकाशाचे तुकडे त्याहून लहान तर केले नाहीस ना? दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही तक्ते पाठव. काय-वर्ग, म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षित आकड्यांपासून किती दूर आहेत ते माप, मी इथे वहीत हाताने काढते, रविवारी फोनवर आकडे ताडून बघू.

तुझी,
आई