गच्चीवरच्या खांबाला आणखी एक अँटेना

महोदय,

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बिनतारी इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीचा खांब आहे. त्यावर तीन डिश, खाली बॅटऱ्यांची पेटी. त्याच गच्चीवर मी, निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ आणि परवानाधारक हॅम (म्हणजे हौशी रेडिओचालक), पाच वॉटचा हातातला रेडिओ सेट घेऊन फिरतो. तळमजल्यावरच्या घरातून शेजारच्या उंच इमारतीपलीकडे माझा आवाज पोहोचत नाही. माझ्या सेटच्या १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरींना बरीचशी सरळ, बिनअडथळ्याची वाट लागते.

म्हणून सुचवावेसे वाटते, की अशा कंपन्यांनी हॅम क्लबांना खांबावर एका अँटेनेपुरती जागा द्यावी. तिथे रिपीटर बसला, तर तो एका वारंवारतेवर ऐकून दुसरीवर पुन्हा बोलतो आणि लहान सेटही दूरवर ऐकू येतो. रिपीटर इंटरनेटने जोडायचा झाल्यास आवाजाला सेकंदाला वीस-तीस किलोबिट पुरतात. एका घरातल्या सिनेमापुढे ते किस झाड की पत्ती! डिश बहुधा ५ गिगाहर्ट्‌झवर चालतात, त्यामुळे चांगले फिल्टर आणि थोडे अंतर ठेवले की एकमेकांना त्रास होऊ नये. परवाना मात्र क्लबनेच काढायचा, आणि हॅम लहरींवर धंदा चालत नाही, हेही आधीच सांगावे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला. आमच्या घरचा मोबाइल तेव्हा मुका होता आणि मुलगी रात्रभर कुर्ल्यात अडकलेली. अशा वेळेसाठीच हा रिपीटर हवा.

कंपनीचा मुलगा म्हणाला, “काका, साहेबांना विचारतो.” पावसाळा दोनदा येऊन गेला.

– एक हॅम, मुलुंड (पूर्व)